आठ वाजताचा फुटाणा

१२ फेब्रुवारी १९८४, मोहाडी
नागपूरच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. हृदयाची एक झडप बदलावी लागणार. ऑपरेशन मुंबईला, एप्रिलमध्ये. झडपा दोन प्रकारच्या. एक धातूची. ती जन्मभर टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायची, तीही जन्मभर. चुकली तर झडपेत रक्त गोठतं, जास्त झाली तर रक्त थांबत नाही. दुसरी डुकराची. गोळी तीनच महिने, पण दहा-बारा वर्षांनी छाती पुन्हा उघडायची. महिन्याभरात विचार करून सांगा म्हणाले.
महिना कशाला? धातूची! तेवीस वर्षं तहसील कचेरीत आवक-जावक सांभाळली. मला एक गोळी जड आहे?

१३ फेब्रुवारी
बायको म्हणते, डुकराची घ्या. गोदावरीला विज्ञानात गती नाही. म्हटलं, अगं, घरात देव्हारा आहे. तर म्हणे, "देव्हारा भिंतीत हाय, तुमच्या छातीत नाही. अन् रोजचा नेम कोन पाळन? सोताच्या लग्नातबी उशिरा आल्ते तुमी!" (तो दोष बैलांचा.)
पैज लागली. डब्यात तीस फुटाणे. रोज सकाळी आठला एक. तीस दिवस नेम टिकला तर धातूची.

१४ फेब्रुवारी, सकाळी ८.००
घेतला. रजिस्टर आखलं. तारीख, वेळ, सही.

१७ फेब्रुवारी
काल राहिला. आज दोन घेतले. सरासरी बरोबर.

२० फेब्रुवारी
शेजारचा परसराम आला. चहा, गप्पा. डबा समोरच होता. "मारोतराव, फुटाने मस्त खरपूस हायेत जी," म्हणाला. कोर्स तेवीस दिवस आधीच पूर्ण! गोदावरीने डब्यात पुन्हा तीस भरले. कौतुक वाटलं असावं.

२ मार्च
विहिरीपर्यंत जाताना दोनदा बसावं लागलं. दम. या गडबडीत सहा दिवस रजिस्टर राहिलं होतं. सगळ्या सह्या आज एकदम केल्या, वेळ ८.००. कचेरीत असंच करतात. कुणाचं काही अडलं नाही.

१३ मार्च
उद्या नागपूर. प्रवासात धावपळ नको म्हणून उद्याची सही आजच. खालची ओळ रिकामी बरी दिसेना, परवाचीही केली.

१४ मार्च, नागपूर
रजिस्टर पाहून डॉक्टर थक्क. शेवटच्या सहीवर बोट ठेवून म्हणाले, "आज चौदा तारीख. पंधराची गोळी घेऊन झाली?" म्हटलं, साहेब, हा नुसता फुटाणा. ते हसले नाहीत. गोदावरीने पिशवीतून डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला. वीस तारखेला भरलेल्या तिसांपैकी सात उरायला हवे होते. एकवीस होते.
"ह्या गोळ्या असत्या तं मी आज कोनाले घिऊन आली असती जी इथं?" म्हणाली.
बसमध्ये डबा तिने आपल्याच मांडीवर ठेवला.

१५ मार्च
डुकराची ठरली. निर्णय सर्वस्वी माझा, शास्त्रीय विचार करून. पहिले तीन महिने गोळी यातही आहेच.
सकाळी गोदावरीने एक फुटाणा हातावर ठेवला आणि खाईपर्यंत समोर उभी राहिली. रजिस्टर उघडलं. आजची सही आधीच झालेली. ती खोडली.
घड्याळ पाहिलं. लिहिलं, ८.४०.