जाहिरातीची जागा आणि वकीलबाईंचा कोट

श्री. भाऊजी यांना,

वहिनीचे आशीर्वाद. (रीत म्हणून देते आहे, खुशीने नव्हे.)

तुमची पाठ आता कशी आहे? जाऊबाईंचा खोकला थांबला का? मुलांच्या परीक्षा बऱ्या गेल्या असतील. इकडे सासूबाईंची तब्येत उत्तम आहे, इतकी उत्तम की पुढे त्यांच्यावर एक अख्खा परिच्छेद खर्च करावा लागणार आहे. तुम्हीही ठणठणीत असाल असं धरून चालते, कारण आजारी माणसावर ओरडणं मला जमत नाही आणि आज मला ओरडायचं आहे.

तुम्ही सुट्टीत आलात, आमच्या सोफ्यावर आडवे झालात आणि माझा ब्लॉग उघडून बसलात, तिथून हे सगळं सुरू झालं. ब्लॉग म्हणजे काय, तर कपड्यांवरचे डाग कसे काढायचे, एवढंच. ह्यांच्या लाँड्रीच्या गल्ल्यावर बसून इतकी वर्षं लोकांची शाई, वंगण, रस्से आणि सबबी पाहिल्या (सबबी सगळ्यांत चिवट), त्यातून जे कळलं ते लिहीत गेले. लोक वाचत होते, प्रश्न विचारत होते. पानाच्या तळाशी एकच जाहिरात होती, तीही दाराशी अवघडून उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी गप्प असायची. तुम्हाला ते बघवलं नाही. "वहिनी, जागा चुकली आहे. वाचकाचा अंगठा जिथे थांबतो, तिथे जाहिरात पाहिजे," असं म्हणालात आणि मी (चहा गाळत होते, अर्धं लक्ष नव्हतं) "बरं" म्हणाले. आजवर मी जेवढ्या वेळा बरं म्हटलंय, त्यात हे सगळ्यात महाग पडलं. लग्नाच्या वेळचं धरूनसुद्धा.

मग काय विचारता! मथळ्याखाली एक जाहिरात, दर दोन परिच्छेदांमध्ये एक, पडद्याच्या तळाला चिकटून बसलेली एक (बुटाला च्युइंगगम चिकटावं तशी, कुठेही गेलं तरी सोबत), आणि वाचता वाचता अंगावर धावून येणारी एक. एवढ्यावर तुमचं समाधान झालं नाही. जाहिरात जाहिरातीसारखी दिसली की लोक ती टाळतात, हे ज्ञान देऊन तुम्ही तिची अक्षरं, रंग, आकार सगळं माझ्या मजकुरासारखं करून टाकलंत. कुठली जाहिरात कुठे बसवायची ते आपोआप ठरतं, तुम्ही काळजीच करू नका, असं सांगून तुम्ही बॅग उचललीत आणि गेलात. काळजी करायला मी इथे होतेच.

पहिल्या बळी वकीलबाई. आमच्या जुन्या गिऱ्हाईक. लेकीच्या लग्नात घालायच्या फिकट रेशमी कोटावर त्यांच्या हातून चहा सांडला. दुकान त्या दिवशी बंद, म्हणून त्यांनी माझं पान उघडलं. मी लिहिलं होतं की डाग टिपून घ्या, चोळू नका, कोमट पाण्याच्या फडक्याने हलकेच पुसा, आणि नंतर... या 'नंतर'च्या खाली तुम्ही बसवलेली जाहिरात. तीच अक्षरं, तोच रंग. "पाच-सहा थेंब घ्या. मुळापर्यंत चोळा. रात्रभर राहू द्या. फरक सकाळी तुम्हीच पाहा." बाजूला बाटलीचं चित्र. भाऊजी, ते केसांचं तेल होतं. वकीलबाईंच्या घरात नेमकी तीच बाटली होती. त्यांनी मुळापर्यंत चोळलं. फरक सकाळी साऱ्या घराने पाहिला. त्या दुकानात आल्या त्या पानाची छापील प्रत हातात घेऊन (पुरावा आधी, नमस्कार नंतर). मी म्हटलं, "अहो, वर मीच 'चोळू नका' लिहिलंय, खाली 'चोळा' कसं लिहीन?" तर म्हणाल्या, "मला वाटलं, वरचं पाण्याबद्दल आहे आणि खालचं तेलाबद्दल." जन्मभर कलमं आणि पोटकलमं वाचून माणसाचं असंच होत असणार.

तो कोट गल्ल्यावर पडलेला असतानाच तुमच्या आईंनी आपला वाटा उचलला. माझ्या मथळ्याखाली कोणाची जाहिरात येत होती ठाऊक आहे? आमच्या समोरच्या लाँड्रीची! तुमच्या त्या आपोआप ठरवणाऱ्याला डाग दिसले, आमचा रस्ता दिसला, त्याने सोयरीक जुळवून टाकली. ह्यांच्या बायकोच्या ब्लॉगवर, ह्यांच्या वैऱ्याचं नाव, आणि खाली "डाग गेला नाही तर पैसे परत". सासूबाई माझा ब्लॉग नियमाने वाचतात (चुका काढायला का होईना, वाचतात). नाव न वाचताच त्यांना वाटलं, सुनेच्या पानावर आहे म्हणजे हे आपलंच दुकान. सून एवढं लिहिते, तर आपणही मुलाला थोडा धंदा द्यावा, म्हणून त्यांनी मोठ्या मायेने 'कपडे घरून न्या'चं बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी समोरच्या लाँड्रीतला नोकर रस्ता ओलांडून कपडे न्यायला आमच्या दारात हजर. आपल्याच दुकानातला नवा माणूस समजून सासूबाईंनी त्याला पाणी दिलं, गाठोडं दिलं. त्यात ह्यांची राखाडी पँट होती, जिच्यावरचा गंजाचा डाग देव आला तरी निघायचा नाही, असं ह्यांनी स्वतः जाहीर केलेलं होतं. पँट परत आली ती कोरी करकरीत. सासूबाई ती घेऊन दुकानात आल्या आणि भर गिऱ्हाइकांत म्हणाल्या, "बघ, तुझा नवा माणूस तुझ्यापेक्षा बरा धुतो." कोणता नवा माणूस, याचा उलगडा पावतीवरून झाला. ह्यांनी आधी पँटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले. ताटावर बसून मीठसुद्धा आईमार्फत मागायचे, आणि मी मीठ आईमार्फतच पाठवायची. मीही काही कमी नाही.

तुम्हाला फोन केला, तर तुम्ही आनंदात. "वहिनी, आकडे बघा आकडे! लोक पानावर दुप्पट वेळ थांबतायत, जाहिराती दाबतायतही भरपूर!" अहो, थांबतील नाही तर काय करतील? त्यांना बाहेर पडायची वाट सापडत नाहीये! जाहिरात बंद करायची फुली तिळाएवढी, आणि माणसाचा अंगठा अंगठ्याएवढा. मी स्वतः माझ्याच ब्लॉगवरची एक जाहिरात बंद करायला गेले, तर होड्या विकणाऱ्या पानावर पोचले. (एक होडी बरी होती.) याला तुम्ही कामगिरी म्हणता?

इथवर मी चिडले होते, पण कुठेतरी हसूही येत होतं. मग एका आजोबांचा निरोप आला. त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली आहे. तिच्या चादरी ते स्वतः धुतात, शेजारच्या स्टुलावर फोनमध्ये माझं पान उघडून, एकेक ओळ वाचत. त्यांनी लिहिलं होतं, "बाई, तुमचं पान हल्ली हलतं. मी ओळ वाचतो, तोवर ती खाली पळते. ओल्या बोटाने भलतंच काही उघडतं आणि मग मला परत येता येत नाही. आता आठवेल तसं धुतो. तिला कळत नाही, पण वास राहिला की मला कळतं."

भाऊजी, मी रडले नाही, कारण समोर गिऱ्हाईक उभं होतं. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांचा नंबर मागवून घेतला, फोन लावला आणि सगळी रीत सावकाश सांगितली. ते प्रत्येक ओळ माझ्यामागून म्हणत होते, शाळेतल्या मुलासारखे. शेवटी म्हणाले, "तुमचा आवाज हलत नाही. बरं वाटलं." फोन ठेवला आणि मला तुमचा एवढा संताप आला की तुम्ही समोर असतात तर तुम्हाला सोड्यात भिजत घातलं असतं. पाठदुखीसकट.

मग दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मी स्वतः बसले. कुठलं बटण कशाचं ते शोधत शोधत एकेक जाहिरात उपटून काढली. दर वेळी विचारणा व्हायची, "नक्की काढायची? कमाई घटेल." मी 'हो' इतकं जोरात दाबलं की माउसचं बटण आता दाबलं तर वर येत नाही. आता पूर्वीसारखी तळाशी एकच जाहिरात आहे, आणि तिच्या डोक्यावर मी ठसठशीत लिहिलं आहे, "ही जाहिरात आहे. यात सांगितलेलं कपड्यावर करू नये."

वकीलबाईंचा कोट ह्यांनी कोणाच्या हाती दिला नाही. आधी तेल ओढून काढलं, मग चहा; सुकवायचा, उजेडात धरायचा, पुन्हा बसायचं. एके दुपारी कोट हातावर घेऊन माझ्यापुढे आले आणि "निघाला," म्हणाले. मला. थेट. लग्नात वकीलबाईंनी तो घातला, आणि आम्हाला दोघांनाही बोलावलं.

तेव्हा भाऊजी, पुन्हा आलात तर खुशाल लोळा, टीव्ही बघा, फ्रिज उघडा. ब्लॉग उघडलात तर मात्र गाठ माझ्याशी आहे. जाऊबाईंना आणि मुलांना आठवण सांगा.

तुमची,
(अजून रागावलेलीच) वहिनी

ता. क. : तुमचा टॉवेल इथे राहिला होता. धुऊन ठेवला आहे. बूटपॉलिश टॉवेलाने करत नाहीत.

ता. क. २ : एक राहिलंच. समोरच्यांच्या सुनेनेही आता ब्लॉग काढला आहे. डागांवरच. तो बघून परवा जेवताना हे हळूच म्हणाले, "भाऊला विचार ना, तिच्या पानावर आपल्या दुकानाची जाहिरात बसवता येईल का? अगदी मथळ्याखाली?" मी ह्यांना चांगलंच फैलावर घेतलं. लाज नाही वाटत, म्हटलं, एवढं सगळं होऊनसुद्धा? नंतर भांडी घासताना विचार केला. तर बसवा. जागा तुम्हीच निवडा. जागा निवडण्यात तुमचा हात धरणारा दुसरा कोणी नाही, हे मी वर जे जे लिहिलं आहे ते सगळं लक्षात घेऊनच म्हणते आहे.