कानातला एकवीस

१९ ऑक्टोबर

प्रिय एबरहार्ट,

दहा वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट शेगडीत टाकलं नसशील, तर निवांत बसून वाच. एल्सबेटचा गुडघा सोडला तर आम्हा नवरा-बायकोचं बरं चाललंय. यंदा सफरचंदं इतकी लागली, की मी टोपली घेऊन निघालो की शेजारी रस्ता बदलतात. शेडमध्ये अठरा ससे आहेत, सगळे व्हिएन्नाच्या निळ्या जातीचे, तुझ्या त्या जुन्या नराच्या वंशातले. तो नर तू मला दोन महिने वापरायला दिला होतास. रिवाजाप्रमाणे पिल्लांतली पहिली निवड तुझी होती, पण तू मला आधी निवडायला लावलंस आणि उरलेल्यांतलं एक नेलंस. आता नर देताना लोक कागद करून घेतात. तुझ्यासारखं कुणी उरलं नाही, हे मी ससे पाळणाऱ्यांच्या मंडळात मोठ्याने म्हणत नाही, का ते तुला ठाऊक आहे.

आणि तुझी ती टकटक. दुसऱ्याच्या शेडचं दार किंवा पिंजरा उघडण्याआधी तू फळीवर बोटांनी दोनदा वाजवायचास. आम्ही तुझी टर उडवायचो. मी विचारायचो, "काय रे, सशाने आत या म्हटलं का?" तू शांतपणे म्हणायचास, "घर त्याचं आहे." पुढे पुढे माझे ससेही तुला ओळखायला लागले. चार वाजता, कॉफीच्या वेळी, दोनदा टकटक झाली की सगळ्यांचे कान एकदम दाराकडे वळायचे.

सशांच्या कानात नंबर गोंदायचं मंडळाचं काम अजून माझ्याकडेच आहे. वय झालं, पण गोंदायचा चिमटा धरला की हात अजून स्थिर असतो. यंदा जुलैमध्ये माझीच पिल्लं गोंदायची होती. आपल्या सशांना आपणच गोंदायचं म्हणजे साक्षीदार हवा, म्हणून अध्यक्ष लोरेंट्स आला होता आणि पिल्लू त्यानेच धरलं होतं. डाव्या कानात मे महिन्याचा पाच, वर्षाचा शेवटचा आकडा चार, आणि मग बारा. चिमट्यात आकडे शिक्क्यासारखे उलट्या क्रमाने बसवावे लागतात, म्हणून मी आधी पुठ्ठ्यावर दाबून पाहिले. बारा. लोरेंट्सनेही पाहिले. मग कानात दाबले. पिल्लू एरवी एकदा तरी किंचाळतं. हे किंचाळलं नाही, नुसतं माझ्याकडे बघत राहिलं. शाई पुसली तर कानात एकवीस होते.

लोरेंट्स हसला, "चष्मा बदल, म्हाताऱ्या." मी चिमटा पुन्हा पुठ्ठ्यावर दाबला. बारा. तेव्हा त्याचंही हसू गेलं, आणि कॉफी न घेताच तो निघून गेला.

त्याच आठवड्यात टकटक सुरू झाली. भर दुपारी, लख्ख उजेडात, चार वाजता. दोनदा. मी शेडचं दार उघडतो तर बाहेर कुणी नसतं, पण अठराही सशांचे कान दाराकडे वळलेले असतात. आधी मी मनाची समजूत घातली, की लाकूड उन्हाने तडकत असेल. मग सप्टेंबरमध्ये एल्सबेटने स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारली, "एबरहार्टच्या कॉफीत साखर घालू का?" तिचं म्हणणं, तू पिंजऱ्यापाशी वाकून उभा होतास, पाठमोरा, तुझ्या हिरव्या ॲप्रनमध्ये. मी तिथेच होतो, एबरहार्ट. पिंजऱ्यापाशी माझ्याशिवाय कुणीही नव्हतं. एल्सबेटला मी म्हटलं, तो आला होता आणि गेला. दुसरं काय सांगणार? तिने तुझा कप तसाच धुऊन ठेवला.

आता दहा वर्षांपूर्वीच्या जुलैबद्दल लिहितो. हे वाक्य लिहिण्याआधी मी तीन कागद फाडलेत. तुझ्या अंगणात, चेरीच्या झाडाखाली टेबल टाकून मी तुझी पिल्लं गोंदत होतो. तू लोरेंट्सच्या टोपीची काहीतरी गंमत सांगत होतास, मी हसत होतो, आणि हसता हसता आधी पुठ्ठ्यावर बघायचं राहिलं. चिमटा थेट कानात दाबला. मग सवयीने पुठ्ठ्यावर दाबला, तर त्यावर एकवीस. शेवटचे दोन आकडे मी सरळ क्रमाने बसवले होते, म्हणून बाराच्या जागी एकवीस उमटले. पहिल्या वर्षाचा शिकाऊ माणूस करतो ती चूक. लाज वाटली, पुठ्ठा खिशात घातला आणि मंडळाच्या वहीत बारा लिहिलं. म्हटलं, हिवाळ्यात अर्धे ससे हंडीतच जातात, हाही जाईल. तीन आठवड्यांनी खरी एकवीस नंबरची मादी गोंदली, तेव्हाही सांगता आलं असतं, पण मी वहीत एकवीस लिहून वही मिटली. तुला काही कळणं शक्य नव्हतं. तू कान कधी बघायचाच नाहीस, चेहऱ्यावरून ओळखायचास.

ती मादी ऑगस्टमध्ये पोट फुगून मेली, तशी तू वहीत नोंदही केलीस. आणि ऑक्टोबरात जिल्ह्याच्या प्रदर्शनात तुझा नर पहिला आला, माझा दुसरा. अभिनंदनासाठी दुसऱ्याने पहिल्याचा हात सगळ्यांच्या आधी धरायचा, तसा मी धरला. तुझा हात गरम होता. मग परीक्षकाने कानातला आकडा वहीशी ताडून पाहिला आणि म्हणाला की हा ससा तर मेलेला आहे.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुला दिसलं नाही ते सांगतो. लोरेंट्सने मला सगळ्यांसमोर विचारलं, "ट्राउगोट, गोंदताना तुझ्याकडून तर चूक झाली नाही?" तो पुठ्ठा त्या वेळी माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होता. मी बोटांनी चाचपलाही. आणि म्हणालो, "मी आधी पुठ्ठ्यावर बघतो. माझी चूक होत नाही." झालं. मंडळाने तुला लबाड ठरवलं, बाहेरून ससा आणल्याचा ठपका ठेवला, यादीतून तुझं नाव खोडलं आणि चषक माझ्या हातात दिला. तू आवाज चढवला नाहीस. फळीवर दोनदा वाजवलंस, तुझा नर काढून टोपलीत ठेवलास. मग माझ्यापाशी आलास आणि माझा हात धरून अभिनंदन केलंस, कारण आता मी पहिला होतो. इतकंच म्हणालास, "नीट आठवून बघ, ट्राउगोट." मला आठवायचं काहीच नव्हतं, मी विसरलोच नव्हतो. वसंतात तू ससे विकलेस आणि केम्निट्सला मुलीकडे राहायला गेलास.

तो चषक मी कधीही कपाटावर मांडला नाही. यात माझा काही मोठेपणा नाही, मला तो बघवत नव्हता.

सोबत तो जुना पुठ्ठा पाठवतोय. शाई फिकी झाली आहे, पण आकडा वाचता येतो. येत्या शनिवारी जिल्ह्याचं प्रदर्शन आहे. परीक्षण सुरू होण्याआधी मी उभा राहून हे सगळं सांगणार आहे, वही आणि चिमटा लोरेंट्सच्या हवाली करणार आहे, आणि चषक तुझ्या नावाच्या पिंजऱ्यावर ठेवणार आहे. त्या पिंजऱ्यात यंदाचा एकवीस असेल. आज रोजच्यासारखीच टकटक झाली, तेव्हा तो एकटाच दाराकडे वळला नाही, माझ्याकडे बघत बसला. तुझ्या मुलीला फोन करायला मी तीनदा रिसीव्हर उचलला आणि तीनदा ठेवला, कारण ती काय सांगेल याची मला भीती वाटते. म्हणून हे पत्र. उत्तरात माफी नको, शिव्या दिल्यास तरी चालतील. नुसतं तुझ्या हाताने तुझं नाव लिहून पाठव, म्हणजे तू आहेस हे मला कळेल. आणि शनिवारच्या आत स्वतःच आलास, तर माझ्यासाठी एवढं कर: फळीवर वाजवू नकोस. फाटकातूनच नावाने हाक मार. टकटक ऐकून दार उघडायचा धीर आता माझ्यात उरलेला नाही.

तू म्हणू दिलंस तर अजूनही तुझाच,
ट्राउगोट