उजव्या हाताचं काय करायचं

मी निनियन टेट, राहणार काळी गढी, टेव्हियटचं खोरं, वय अदमासे एकसष्ट, पायांनी अधू असलो तरी डोक्याने शाबूत आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही; असतं तर लेकाचं ऐकलं असतं. मला लिहिता येत नाही, म्हणून हे मृत्युपत्र मी सांगतो आणि पाद्रीबुवा उतरवून घेतात.

एक. गढी मुलगा ॲडम याला. भिंतीला खिडकी पाडायचं खूळ मात्र त्याने सोडावं. उजेड माझ्या आजोबांनाही हवा होता. ते खिडकीतच बाण लागून गेले.

दोन. वर चढायची शिडी मुलगी बेसी हिला. ॲडमने रोज संध्याकाळी खालून "ताई, शिडी सोड गं" असं नीट म्हणावं. उर्मटपणा केल्यास त्याने तळमजल्यावर गाईंपाशी झोपावं. त्यातल्या चार गाई कुणाच्या, हे कुणी विचारू नये.

तीन. गजांचं लोखंडी दार. ते मुळात सीमेपलीकडच्या जॉर्ज डॉडचं. वीस वर्षांपूर्वी मी उचलून आणलं. तो सात वेळा परत न्यायला आला, पण दार इतकं भक्कम की त्याला आत येता आलं नाही.

चार. माझा उजवा हात. आमच्याकडे मुलग्याच्या बाप्तिस्म्याला उजवा हात पाण्याबाहेर धरतात, म्हणजे पुढे तलवार चालवली तरी पाप लागत नाही. आता माझी बायको इसोबेल स्वर्गात आहे आणि हा कोरडा हात काही तिथं आत घेणार नाहीत. मला फार भीती वाटते. पाद्रीबुवा म्हणाले, "हाताला पाणी लावतो, पण आधी त्याने चोरलेलं दार परत दे." म्हणून जॉर्जला निरोप धाडला. तो आत्ता पहार घेऊन दाराबाहेर उभा आहे.

त्याच्यामागे अकरा पुतणेही उभे आहेत. दार गेलं की बेसीचं काय होईल, ते मला कळतं. तेव्हा दार द्यायचं नाही. ते बेसीचं. हात राहील तसाच. इसोबेल रागावेल, रागावू दे.

हे ऐकून जॉर्ज बाहेरून ओरडला (बुवा, हेही लिहा), "ए टेट्या, रडतोस काय बायकांसारखा! माझाही उजवा कोरडाच आहे. तुझा तिथं स्वर्गाच्या दाराबाहेर थांबव. मी आलो की दोघं बसतील भांडत!"

मला बरं वाटलं.

काळी गढी, १० नोव्हेंबर १५८४.

निनियन टेट, डाव्या हाताची फुली.

साक्षीदार: पाद्री कथबर्ट ग्रे, नाराजीने.
जॉर्ज डॉड, गजांतून हात आत घालून. उजवा.