सूरच्या मुक्कामाची पावती

मस्कत, १२ मार्च २०१६

प्रिय कुलसुमआपा,

सप्रेम नमस्कार, वि. वि. फोनवर बोलायला जीभ रेटेना, म्हणून सूरला निघालेल्या राजीवच्या हाती पत्र देते आहे. तुमच्या सूरची धावण्याची शर्यत जिंकून सावनीला मिळालेले पाचशे रियाल आता तिच्याच आड आलेत. अमेरिकेतलं कॉलेज शिष्यवृत्ती देतंय, पण त्यांच्या संघात धावणाऱ्या मुलीने बक्षिसातून कमाई केलेली चालत नाही. शर्यतीसाठी झालेल्या खर्चापुरती रक्कम माफ.

आमचा खर्च कसला? राहिलो तुमच्याकडे, सुरमई-घावन तुमचं, न्यायला-आणायलाही तुमचीच गाडी. कोच म्हणतात, मुक्कामाचे पैसे घेतल्याची पावती आणा. शुक्रवारी कागद पाठवायचे आहेत. लिहून द्याल का? शिष्यवृत्ती गेली तर तिला पाठवणं आम्हाला झेपणार नाही.

राग आला तरी माया आटू देऊ नका.

तुमची,
कल्पना


सूर, १४ मार्च २०१६

प्रिय कल्पना,

सलाम आणि पोरीला दुआ. पत्र ऐकून ह्यांनी चहा तसाच ठेवला. म्हणाले, मी, बाबामियाँ, पाहुण्यांकडून भाडं घेतो असं रत्नागिरीत कळलं, तर अम्मीला तोंड कसं दाखवू? मी म्हटलं, पोरीचं आयुष्य आहे, तुमचं तोंड ठेवा बाजूला.

पावती लिहिली, सहीही केली. पण आकडा घालायला हात उचलेना. तिसरं घावन मी तिला दटावून वाढलं होतं, त्याचेही पैसे धरू? आकडा तूच भर. मी कधी विचारणार नाही.

उन्हाळ्याआधी येऊन जा, नाहीतर खरंच रागावेन.

तुझी आपा,
कुलसुम


मस्कत, २ एप्रिल २०१६

प्रिय कुलसुमखाला,

नमस्कार. माझं मराठी चुकेल, हसू नका. आई पावतीवर आकडा लिहायला बसली आणि पेन धरून तशीच बसून राहिली. मग मी पावती ओढून घेतली आणि फाडली. आई आधी ओरडली, मग रडली. मी कॉलेजला खरं कळवलं, की आम्ही घरच्यांकडे राहिलो, खर्च काही नाही.

उत्तर येईपर्यंत घरात कोणी नीट जेवलं नाही. ते काल आलं. बक्षीस दान करायचं, पहिला सीझन शर्यतीत उतरायचं नाही. शिष्यवृत्ती कायम राहिली. बाबा म्हणाले, खलास, सुटलो! पण सगळ्या धावणार आणि मी बाकावर, हे आठवलं की मी बूट घालून बाहेर पडते.

म्हणून जाण्याआधी तुमच्याकडे येतेय, समुद्राकाठी पळायला. बाबामियाँखालूंना सांगा, भाडं देणार नाही.

तुमची लाडकी (अजून आहे ना?),
सावनी