पेजेचा आवाज

गुरुवार, दिवेलागण. सापगाव.

आबा पेज भुरकतात आणि माझं डोकं फिरतं. आई भुरकली तर काहीच वाटत नाही, मग आबांचंच का? हे शोधायला मी वही केली: आवाज कोणाचा, राग किती. चार दिवस आबांच्या नावापुढे राग शून्य. कानात कापूस घालून भिंतीकडे तोंड करून जेवते त्याचा गुण, असं खुशाल लिहूनही टाकलं.

आज आईला वही दाखवली. म्हणाली, "कापूस नाय गो. तुझे आबा चार दिस गोठ्यात बसून पेज पितात. तुला तरास नको म्हनून."

तशीच गोठ्यापाशी गेले. आतून तेच भुरकणं. मुठी आवळल्या, तरी म्हटलं, "आबा, घरात या ना."

आवाज थांबला. "झाली माझी पिऊन," म्हणाले.

वाडगा अर्धा भरलेला होता.