रोडपालीच्या खाडीतील दुसऱ्या कोल्ह्याबाबत

प्रति,
मा. वन्यजीव नोंद अधिकारी,
खाडीकाठ कांदळवन कक्ष, पनवेल.

विषय : कोल्ह्यांच्या गणनेतून एक कोल्हा कमी करणेबाबत.
संदर्भ : ग्रामस्थांच्या सभेत वाचून दाखवलेला आपला गणना अहवाल.

महोदय,

मी काशिराम हरी कोळी, राहणार रोडपाली, खाडीत मासेमारी करतो. गेल्या महिन्यात आपली माणसे संध्याकाळी बांधावर आली आणि आवाजावरून कोल्हे मोजून गेली. अहवालात "एक जोडी आढळली, स्थिती समाधानकारक" असे लिहिले आहे. त्यामुळे कांदळवनातून रस्ता नेण्यास आता अडचण नाही, असे सभेत सांगण्यात आले. या नोंदीत दुरुस्ती व्हावी. कोल्हा एकच आहे. दुसरा आवाज माझा होता.

हे कसे झाले ते सांगणे भाग आहे. जाळ्यातली बारीक, फुटकी मासळी कोल्ह्यांसाठी बांधावर ठेवायची आमच्या घरची रीत आहे. माझी पत्नी गोदूबाई ती ठेवायची. "त्यांचा पन वाटा हाय, तो इकायचा नाय," असे म्हणायची. तेव्हा एकाने सूर धरला की सगळा काठ कोल्ह्यांनी भरून जायचा. पुढे भराव पडला, भटकी कुत्री आली, आवाज कमी होत गेले. मागच्या होळीआधी गोदूबाई गेली. उरलेला एक कोल्हा दिवेलागणीला ओरडायचा आणि थांबून ऐकायचा. एके दिवशी मासळी ठेवता ठेवता मी त्याला ओ दिली. तेव्हापासून रोज देतो.

शेजारची शशिकला हसते, "काशीदादा, आज कोल्हीन रुसली काय?" समोरच्या नव्या इमारतीने तर कोल्हे वाढल्याची तक्रार केली आहे. आपली माणसे आली तेव्हा मी कांदळवनाच्या पलीकडे होडीत होतो. ती मला दिसली नाहीत. त्याने हाक दिली, मी नेहमीप्रमाणे ओरडलो.

परदेशातून विमानाने चित्ते आणलेले टीव्हीवर पाहिले. ते सुखाने नांदोत. आमच्या कोल्ह्याला विमान नको. त्याचे कांदळवन राहू द्यावे आणि जमल्यास त्याच्या जातीचे कोणीतरी सोबतीला आणून सोडावे. माझ्या ओरडण्याने त्याचा संसार होणार नाही, आणि माझेही वय झाले आहे.

तरी फेरगणना करावी, ही विनंती. त्या वेळी मी घरात बसेन, तोंड उघडणार नाही. मात्र हे काम एकाच संध्याकाळी उरकावे. जमते का पाहायला काल गप्प बसलो. तो ओरडला, थांबला, पुन्हा ओरडला. मग मासळीला तोंड न लावता निघून गेला. हे आम्हा दोघांना फार दिवस जमणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
काशिराम हरी कोळी
रोडपाली, ता. पनवेल
दि. ९ डिसेंबर २०२५

सोबत : भाचा मिथुन याने मोबाइलवर घेतलेले रेकॉर्डिंग. त्यात आधी कोल्हा आहे, नंतर मी. शेवटची हाक कालची आहे, तिच्यानंतर काही नाही.