भीती तिची, बाबा माझे

बाबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी अजून त्या पोरीवर जळते. पोरगी कसली, आता सून आलीय तिला. भिंतीला भिंत लागून राहणारी, तुमच्याकडे पेटी शिकायला यायची ती. या वयात हे शोभत नाही. पण तुमच्याशीही शोभेल तेवढंच बोलायचं, तर मग लिहायचं तरी कशाला?

मारुतीच्या देवळातला सप्ताह. कापूस वेचून झालाय, मंडपात पार जैनथ गावापर्यंतची माणसं बसली आहेत. मुलींच्या भजनाची पाळी आली आणि ती भिऊन खांबाआड दडली आहे. मी अकरा वर्षांची, बिनघोर, कधीची तयार. वीणा घेऊन पहाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या पाया पडून तुम्ही ती घेतली आणि तिच्या गळ्यात घातली. "आता पळता येत नाई, अन् वीणा खाली ठेवता येत नाई. उभी राह्य. मी हाय इथंच." सप्ताहातली वीणा जमिनीला टेकवत नाहीत, हे तिलाही ठाऊक. रडत रडत गायली. तुम्ही तिच्या शेजारून हलला नाहीत. माझ्या अभंगाला मात्र बाहेर पान खायला गेलात.

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, ते मी मनावर घेतलं. पुढच्या वर्षी मी म्हणाले, "बाबा, मलेबी भेव लागून राह्यलं." साफ खोटं. तुम्ही हसलात. "तुले कायचं भेव? जाय, म्हन." मी उभी राहिले, पहिली ओळ म्हटली आणि दुसरी आलीच नाही. समोर सगळं गाव, आणि खोटी भीती खरी झालेली. ती ओळ तुम्ही उचललीत, भजन पुढं गेलं. घरी भाकरी मोडताना एवढंच विचारलंत, "नाटकं काऊन केली?"

त्यानंतर मी गायले नाही. आदिलाबादला बँकेत लागले. तिथं मीटिंगमध्ये तेलुगूत दोन वाक्यं बोलायची तरी कागदावरून वाचते. ती मात्र दर सप्ताहात पुढं उभी राहते. लोक तिला बुवांची शिष्या म्हणतात. बुवांची मुलगी मी होते.

यंदा सप्ताहाला गेले आणि मागे, बायकांत बसले. तिनं सगळ्यांदेखत वीणा आणून माझ्या गळ्यात घातली. "बाई, आता पळता येत नाई." तुमचं बोलणं, आणि ते माझ्यापर्यंत यावं तिच्या तोंडून! इतका संताप आला की घाबरायचं राहूनच गेलं. गायले मी. आवाज फाटला, पण अभंग शेवटापर्यंत नेला. कुणी तोंडावर हसलं नाही. वीणा पहाऱ्यावरच्या माणसाच्या गळ्यात परत घातली आणि जागेवर येऊन बसले.

पंगतीत ती शेजारी बसली. म्हणाली, "तुह्यं गानं सुटल्यावरबी काका मले हरसाल म्हनत, 'माह्या पोरीले पाह्य, तिच्यावानी उभी राह्य. तिच्यापाशी मले थांबा लागत नव्हतं.'"

हरसाल! बाबा, मला एकदा म्हणायला काय झालं होतं? मला हवं होतं ते एवढंच, आणि तेही तुम्ही तिलाच देऊन ठेवलंत. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, तिला तर नाहीच. तिचे आभारही मानले नाहीत. फक्त, भोंग्याच्या आवाजात ऐकू आलं नाही असं सांगून, ते तिला पुन्हा म्हणायला लावलं. दोनदा.